अमेरिकेचं सिव्हिल वॉर नक्की कशावरून झालं? एवढ्या वर्षांनी अजून भांडण का?

निळी_शाई

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, पण मागच्या शनिवारी जे झालं त्यामुळे आता लिहितेच.

आम्ही जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला राहतो. ऑफिसातला एक सहकारी आणि मी केनेसॉ माउंटनला चालायला गेलो होतो. २७ जून १८६४ ला इथे मोठी लढाई झाली, उत्तरेचा सेनापती शर्मन याची फौज अटलांटाकडे सरकत होती आणि कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांचं, सैन्य डोंगरावर खंदक खणून बसलं होतं. ते खंदक अजून दिसतात, म्हणजे आता नुसता लांबच लांब उंचवटा, त्यावर पाचोळा, कुणी दाखवलं नाही तर शेताचा बांध वाटेल. त्या बांधापाशी उभं राहून तो म्हणाला, माझ्या पणजोबांचे वडील इथेच कुठेतरी होते, त्यांच्याकडे एक सुद्धा गुलाम नव्हता, जेमतेम पोटापुरती जमीन होती, आणि माझ्या पोराला शाळेत सांगतात की ते गुलामगिरीसाठी लढले. बोलताना त्याचा गळा दाटून आला. हा माणूस अतिशय सज्जन आहे हो, माझ्या बाळंतपणात याच्या बायकोने दोन आठवडे डबा पोचवलाय. मला त्या क्षणी काही बोलताच आलं नाही.

घरी आल्यावर मी जॉर्जियाचा मूळ कागद वाचायला घेतला. १९ जानेवारी १८६१ ला जॉर्जिया युनियनमधून, म्हणजे अमेरिकेच्या संघराज्यातून, बाहेर पडलं आणि दहा दिवसांनी त्यांनी आपण का बाहेर पडतोय याचं निवेदन काढलं. पहिल्या वाक्यात फक्त एवढंच की आम्ही जगासमोर कारणं मांडतोय, आणि लगेच दुसऱ्या वाक्यात की गेली दहा वर्षं आफ्रिकन गुलामगिरीच्या विषयावरून गुलाम नसलेल्या राज्यांविरुद्ध आमच्या गंभीर तक्रारी आहेत. पुढे पानंच्या पानं तेच. मिसिसिपीच्या निवेदनात तर सरळ लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. म्हणजे ज्यांनी फारकत घेतली त्यांनी स्वतःच्या हाताने कारण लिहून ठेवलंय, आणि तरी २०११ मध्ये, युद्धाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेने लोकांना विचारलं तर ४८ टक्के लोक म्हणाले राज्यांचे हक्क आणि ३८ टक्के म्हणाले गुलामगिरी. डिसेंबर २०२३ मध्ये निकी हेलींना, ज्या साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नर होत्या, प्रचारसभेत हाच प्रश्न आला आणि त्यांच्या पहिल्या उत्तरात गुलामगिरी हा शब्दच नव्हता, दुसऱ्या दिवशी सावरावं लागलं.

मला वाटतं वाद मिटत नाही कारण 'कारण' या एका शब्दात आपण तीन वेगळे प्रश्न कोंबतो. राज्यं फुटली का, उत्तरेने त्यांना जाऊ का दिलं नाही, आणि साधा माणूस बंदूक घेऊन का गेला. पहिल्याचं उत्तर कागदावर स्वच्छ आहे. दुसऱ्याचं वेगळं आहे, तिसऱ्याचं अजून वेगळं. आणि माझा सहकारी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन पहिल्याशी भांडतोय असं मला वाटलं. तुम्हाला काय वाटतं, विशेषतः जे साउथमध्ये राहतात त्यांना?

कोकणकडा

छान धागा ताई. आम्हाला शाळेत एकच ओळ होती, लिंकनने गुलामांना मुक्त करण्यासाठी युद्ध केलं, परीक्षेत दोन मार्कांना. त्यामुळे यावर वाद आहे हेच मला मोठेपणी कळलं. वाचतोय.

डॅलसकर

मी टेक्सासमध्ये २२ वर्षं आहे. थोडी दुसरी बाजू मांडतो, कृपया रागावू नका कुणी.

लिंकनने ४ मार्च १८६१ च्या पहिल्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावायचा माझा इरादा नाही. ऑगस्ट १८६२ मध्ये होरेस ग्रीली या संपादकाला पत्र लिहिलं त्यात म्हणतो की एकाही गुलामाला न सोडवता युनियन वाचत असेल तर तसं करीन. मग हे युद्ध गुलाम सोडवायला होतं हे कसं? डेलावेर, मेरीलँड, केंटकी, मिझुरी ही गुलामगिरीची राज्यं उत्तरेच्याच बाजूला होती आणि १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा तिथे लागूच नव्हती. शिवाय टॅरिफ. दक्षिण कापूस विकून बाहेरचा माल घेणार आणि त्यावर जकात लावून उत्तरेतले कारखाने पोसायचे. साउथ कॅरोलिनाने १८३२ मध्येच त्यावरून केंद्राचा कायदा मानत नाही म्हणून सांगितलं होतं. कुठल्याही युद्धाला एकच कारण नसतं, आणि जिंकणारा इतिहास लिहितो हे आपण भारतीयांनी तरी विसरू नये. १८५७ ला इंग्रज बंड म्हणाले म्हणून आपण बंड म्हणतो का?

निळी_शाई

रागावणार कशाला दादा, तुमच्यासारखं नीट मांडलं तर बोलायला बरं वाटतं.

लिंकनबद्दल तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे, आणि तेच मी म्हणतेय की तो दुसरा प्रश्न आहे. उत्तर सुरुवातीला युनियन टिकवायला लढली, गुलाम सोडवायला नाही, हे मला मान्य आहे. (ग्रीलीचं पत्र लिहिलं तेव्हा मुक्तीच्या घोषणेचा मसुदा महिनाभर आधी मंत्रिमंडळाला दाखवून झालेला होता, हे मात्र सोबत सांगायला हवं, नाहीतर पत्राचा अर्थ बदलतो.) पण उत्तर गुलामगिरी मोडायला निघाली नव्हती यावरून दक्षिण ती टिकवायला निघाली नव्हती असं होत नाही ना. घर सोडून जाणाऱ्याचं कारण त्यालाच विचारायचं, दार अडवणाऱ्याला नाही.

टॅरिफचं मी मुद्दाम बघितलं. १८५७ चा टॅरिफ खूप खाली आणलेला होता आणि दक्षिणेतल्या खासदारांनीच त्याला मतं दिली होती. ज्या मॉरिल टॅरिफचं नाव घेतात तो सेनेटमध्ये पास झाला फेब्रुवारी १८६१ च्या उत्तरार्धात, तोवर सात राज्यं निघून गेलेली होती. ते सेनेटर बसून राहिले असते तर कदाचित पासही झाला नसता.

आणि राज्यांचे हक्क. साउथ कॅरोलिनाचं डिसेंबर १८६० चं निवेदन वाचा. त्यात तक्रार काय आहे, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, स्वतःचे कायदे करून केंद्राच्या कायद्याला अडवतात, न्यू यॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतं जाऊ सुद्धा देत नाहीत. म्हणजे उत्तरेतली राज्यं आपले हक्क वापरतायत हीच त्यांची तक्रार! कॉन्फेडरेट घटनेत तर लिहूनच टाकलं की गुलामांवरची मालकी कमी करणारा कायदा काँग्रेसला करता येणार नाही, आणि दुसऱ्या राज्यातून गुलाम घेऊन येणाऱ्याला कुठल्याही राज्याने अडवायचं नाही. हक्क होते, पण कशाचे, हा शब्द गाळला की वाक्य सभ्य होतं.

टेक्सासचंही निवेदन आहे बरं का, २ फेब्रुवारी १८६१ चं. एकदा वाचाच.

डॅलसकर

वाचलं आत्ता. खरं सांगायचं तर मला अपेक्षित नव्हतं इतकं उघड आहे. वंशाबद्दल जे लिहिलंय ते इथे मराठीत उतरवावंसं पण वाटत नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी इथल्या शाळांच्या अभ्यासक्रमात कारणं अशा क्रमाने होती: प्रादेशिक अस्मिता, राज्यांचे हक्क आणि मग गुलामगिरी. २०१८ मध्ये बोर्डाने तो बदलला आणि गुलामगिरीचा विस्तार हे मुख्य कारण केलं. धाकटीचं पुस्तक वेगळं आहे. दोघं भावंडं एकाच टेबलवर बसून वेगवेगळं उत्तर देतात, हे आमच्याच घरात झालंय.

तरी एकच कारण म्हणायला माझं मन धजत नाही.

पऱ्हाटी

मी खामगावचा. अमेरिकेच्या या युद्धाबद्दल आमच्याकडे कुणाला काय वाटतं ते सोडा, त्या युद्धाने आपल्याकडे काय झालं ते सांगतो, कारण तिथेही कारणांचं भांडण आहेच.

युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाचातले चार हिस्से कापूस अमेरिकेतून जायचा. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि सगळे मुंबईकडे धावले. भाव असे चढले की मुंबईत पैसा ठेवायला जागा नाही, कापसाच्या व्यापारातला बडा सटोडिया प्रेमचंद रायचंद याच काळातला, बॅक बेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० वर. १८६५ च्या वसंतात दक्षिणेचा सेनापती ली याने शस्त्रं खाली ठेवल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. राजाबाई टॉवर त्याच प्रेमचंदच्या आईच्या नावाचा, तो सगळे बघतात. पण देशावरच्या शेतकऱ्याचं काय झालं ते कुणी बघत नाही. तेजीत सावकाराने हवं तेवढं कर्ज दिलं, भाव पडल्यावर हात आखडला आणि वसुली लावली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले.

आता बघा, सरकारने आयोग नेमला, त्याला विचारलं की शेतसारा जास्त होता म्हणून दंगा झाला का, आयोगाने सांगितलं की नाही, दोष सावकाराचा. पण साऱ्याची नवी आकारणी याच काळात आली होती आणि ती चढी होती. सरकारनेच नेमलेला आयोग सरकारच्या साऱ्याला दोष देईल का? शेतकऱ्यांच्या जबान्या आयोगाने नोंदवल्या, पण निष्कर्ष काढणारे सरकारनेच नेमलेले होते. म्हणून मी म्हणतो, कारण काय हे विचारण्याआधी लिहिलं कुणी ते बघावं.

निळी_शाई

पऱ्हाटी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. सुपे आणि जॉर्जियाचं असं काही नातं असेल हे मला माहीतच नव्हतं, मी बारामतीकडचीच आहे, सुपं आमच्यापासून किती लांब ते!

पण 'लिहिलं कुणी' याचं इथलं उत्तर नेहमीसारखं नाही. इथे हरलेल्यांनी सुद्धा भरपूर लिहिलं, आणि फार यशस्वीपणे. अलेक्झांडर स्टीफन्स, कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष, आमच्याच जॉर्जियाचा. २१ मार्च १८६१ ला सव्हानामध्ये त्याने भाषण केलं की आमच्या नव्या सरकारचा पायाच हा आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे. युद्ध हरल्यावर, १८६८ मध्ये, याच माणसाने जाडजूड ग्रंथ काढला आणि म्हणाला की वाद गुलामगिरीचा नव्हताच, केंद्राची सत्ता की राज्यांची, हा होता. माणूस तोच, मधे सात वर्षं आणि एक पराभव. मला जेव्हा कुणी विचारतं की हा वाद कुठून आला, तेव्हा मला ही सात वर्षं दिसतात.

नंतर १८९४ मध्ये युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी ही बायकांची संघटना निघाली. पुतळे उभारले, सैनिकांच्या विधवांना मदत केली, आणि शाळेची पुस्तकं हातात घेतली. त्यांची इतिहासकार मिल्ड्रेड रदरफर्ड, अथेन्सची, म्हणजे इथून दीड तासावरची. तिने १९२० च्या सुमारास एक पुस्तिका काढली शाळा आणि लायब्ररींसाठी, की कुठलं पुस्तक ठेवायचं आणि कुठलं नाकारायचं. दक्षिण गुलाम राखायला लढली असं ज्या पुस्तकात असेल ते नाकारा, असं त्यात लिहिलंय. माझ्या सहकाऱ्याच्या आजीने त्याच काळातली पुस्तकं वाचली असणार. तिने आपल्या मुलाला सांगितलं, त्याने याला. खोटं बोलायचं कुणाच्याच मनात नव्हतं.

जेम्सकाठ

व्हर्जिनियातल्या रिचमंडहून. इथल्या मॉन्युमेंट अव्हेन्यूवरचा लीचा पुतळा ८ सप्टेंबर २०२१ ला उतरवला तेव्हा मी लेकाला घेऊन गेलो होतो. १८९० पासून उभा होता तो. क्रेनने धड उचललं तेव्हा गर्दीतले काही जण गात होते आणि आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ हॅट हातात घेऊन गप्प उभे होते, शेवटपर्यंत हलले नाहीत. ते आनंदात होते की दुःखात हे मला अजून कळलेलं नाही.

निळी_शाई, तुमच्या मांडणीत व्हर्जिनिया बसत नाही, ते सांगतो. ४ एप्रिल १८६१ ला व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने बाहेर पडायला नकार दिला होता. १२ तारखेला साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट समटर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा झडल्या, १५ ला लिंकनने ७५,००० सैनिक मागितले, आणि १७ ला याच अधिवेशनाने मत फिरवलं. टेनेसी, अर्कान्सा, नॉर्थ कॅरोलिना, तिन्ही तशीच नंतर गेली. म्हणजे या चार राज्यांना ढकललं ते लिंकनच्या सैन्याच्या मागणीने, आपल्याच शेजाऱ्यांवर बंदूक चालवायची नाही म्हणून. हे कारण खोटं म्हणता येणार नाही.

निळी_शाई

नाही म्हणणार खोटं. मी पहिल्या पोस्टमध्ये सगळी राज्यं एका माळेत ओवली ती माझी चूक, सात आधीची आणि चार नंतरची असा फरक करायलाच हवा होता.

फक्त एक विचारते. व्हर्जिनियात त्या वेळी देशातले सगळ्यात जास्त गुलाम होते, जवळपास ४,९०,०००. आणि व्हर्जिनियाचा जो डोंगराळ पश्चिम भाग होता, जिथे गुलाम फारच थोडे, त्यालाही लिंकनची तीच मागणी ऐकू आली होती. तो भाग व्हर्जिनियातून फुटून १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया म्हणून युनियनमध्ये राहिला. एकाच हाकेला दोन भागांनी दोन उत्तरं दिली, तर फरक हाकेत नसून ऐकणाऱ्याच्या घरात काय होतं त्यात असणार, नाही का?

जेम्सकाठ

हं. वेस्ट व्हर्जिनियात युनियनच्या विरुद्ध लढणारेही बरेच होते, त्यामुळे तेही इतकं सरळ नाही. पण मुद्दा वजनदार आहे, विचार करतो.

पाटी_पेन्सिल

मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवते. कुणी महात्मा फुल्यांचं नाव कसं घेतलं नाही अजून? 'गुलामगिरी' १८७३ ची, म्हणजे युद्ध संपून फक्त आठ वर्षं, आणि अर्पण कुणाला केलीय तर अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी स्वार्थत्याग केला. पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा समजलं होतं हे युद्ध कशाचं होतं ते! मी ते अर्पणपत्र दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते, नववीची पोरं एकदम शांत होतात.

डॅलसकर

ताई, आदर ठेवून विचारतो, फुल्यांकडे उत्तरेची बाजूच पोचली असणार, मिशनऱ्यांकडून वगैरे. तो पुरावा कसा?

पाटी_पेन्सिल

युद्ध का सुरू झालं याचा पुरावा म्हणून नाहीच सांगत. पण तुम्ही सगळे दोन बाजू म्हणताय, उत्तर आणि दक्षिण, आणि दोन्ही बाजूंना गोरेच उभे करताय. १८६० च्या खानेसुमारीत जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती. ती 'कारण' होती की माणसं? त्यांना कुणी विचारलं का की युद्ध कशावरून चाललंय? पहिल्याच वर्षी युनियनची छावणी दिसली की ती शेतं सोडून पळून येत होती, लिंकन अजून नाही नाही म्हणत होता तेव्हाच. पुढे १,८०,००० च्या आसपास काळे सैनिक युनियनच्या फौजेत लढले. त्यांच्या मनात कारणाबद्दल शंका नव्हती. फुले त्या नजरेने बघत होते, खालून. म्हणून मी ते वाचून दाखवते.

कोकणकडा

हे वाचून थांबलो. धन्यवाद पाटी_पेन्सिल.

निळी_शाई

खरंय. मी तीन प्रश्न म्हणाले आणि चौथा विसरले.

काल स्टोन माउंटनला गेलो होतो, भारतातून पाहुणे आलेत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, अटलांटाच्या पूर्वेला एक प्रचंड ग्रॅनाइटचा डोंगर आहे आणि त्याच्या उभ्या कड्यावर घोड्यावर बसलेले तीन जण कोरलेत, कॉन्फेडरसीचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि तिचे सेनापती ली आणि स्टोनवॉल जॅक्सन. युद्धात कोरलेलं नाही ते. काम पहिल्यांदा १९२३ मध्ये सुरू झालं, बंद पडलं, मग १९५८ मध्ये, म्हणजे शाळांमधला वर्णभेद मोडायचा की नाही यावर साउथ पेटलेलं असताना, राज्याने डोंगर विकत घेतला आणि कोरीवकाम पुरं झालं १९७२ मध्ये. माझ्या सासूबाई म्हणाल्या, वेरूळसारखं वाटतंय, कुणाचं देऊळ आहे गं हे? मी काय सांगणार त्यांना.

सहकाऱ्याशी पुन्हा बोलले. रविवारी तो आणि त्याची बायको जेवायला आले होते, मी जॉर्जियाच्या निवेदनाची प्रिंट काढून ठेवली होती, द्यावी की नाही असं वाटत होतं, शेवटी दिली. त्याने सोफ्यावर बसून सगळं वाचलं, मधे एकदा चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे गुलाम होते, माझ्या माणसाकडे नव्हते, तो का गेला हे यात कुठे आहे? मी म्हटलं यात नाहीये, तू बरोबर आहेस. मग मी त्याला सांगितलं की एप्रिल १८६२ मध्ये कॉन्फेडरसीने सक्तीची भरती आणली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात असा नियम केला की ज्या मळ्यावर वीस गुलाम आहेत तिथल्या एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट. हे त्याला माहीत नव्हतं. घरात वीस गुलाम असलेला घरी थांबला आणि पोटापुरती जमीन असलेला केनेसॉच्या खंदकात गेला. बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोनेच विचारलं की तो स्वतःहून गेला की त्याला नेलं, हे कळेल का कुठे.

मॉरोला राज्याचा दप्तरखाना आहे, तिथे सैनिकांच्या नोंदी आणि पेन्शनचे अर्ज बघायला मिळतात. पुढच्या शुक्रवारी सुट्टी टाकून आम्ही तिघं जातोय. नाव आणि काउंटी त्याच्या घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे, त्याने फोटो काढून पाठवलाय. भरतीची तारीख एप्रिल १८६२ च्या आधीची निघते की नंतरची, ते आल्यावर इथे लिहीन.